रात्र मोजणारं झाड

तंबाखूचं बी चिमटीत धरता येत नाही. ओल्या बोटाच्या टोकाला चिकटवूनच ते उचलावं लागतं. एका ग्रॅममध्ये सुमारे १०-१२ हजार दाणे भरतात. निपाणीजवळच्या माझ्या आजोळी आजी तरू टाकायची तेव्हा हे बी राखेत कालवून गादीवाफ्यावर फेकायची. राखेमुळे हात कुठवर फिरला ते कळायचं आणि रोपं एका जागी दाट, एका जागी विरळ उगवायची नाहीत. टाकून झालं की वर माती ओढायची नाही, हे ती दरवर्षी नव्या गड्याला बजावायची. "झाकलंस तर उगवायचं न्हाई," एवढंच. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना वाचलं, की तंबाखूच्या पुष्कळ जातींच्या बियांना रुजायलाच उजेड लागतो. आजी वाफ्यावर जे सांगत होती तेच माझे सर फळ्यावर लिहीत होते, हे त्या दिवशी मला कळलं.

हे छोटं पुस्तक त्या बियापासून निघतं आणि बंद खोलीत, एलईडीच्या उजेडात उमललेल्या फुलापाशी थांबतं. प्रयोगशाळेतल्या एका लोखंडी मांडणीवर तंबाखूची पाच-सहा रोपं कृत्रिम उजेडात कशी वाढवायची, त्यांच्याकडून काय काय शिकून घ्यायचं, हे शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना सांगावं म्हणून मी ते लिहिलं. तीसएक वर्षं मी हे प्रयोग वर्गात करत आले. त्यातले बरेचसे आधी फसले आणि मग जमले. फसले का, हेही प्रत्येक प्रकरणात लिहिलं आहे, कारण मला स्वतःला त्याचाच जास्त उपयोग झाला.

तंबाखूच का, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. एका सुट्टीनंतर मी प्रयोगशाळेत आले तर मांडणी रिकामी होती. 'तंबाखूमुक्त परिसर' असा फलक फाटकावर लागला होता आणि त्या आवारात तंबाखूची झाडं नकोत, म्हणून माझ्या कुंड्या मागच्या खतखड्ड्यात रिकाम्या केल्या होत्या. रोपांना कळ्या आल्या होत्या. खड्ड्याच्या काठावर उभी राहून मी त्या कळ्या मोजल्या, आणि मला रडू आलं. तरीही ज्यांनी ते करायला सांगितलं त्यांच्यावर मी फार काळ रागावू शकले नाही. माझा मोठा मामा तोंडाच्या कर्करोगानं गेला. तळहातावर चुना-तंबाखू मळताना त्याच्या जाड मनगटाची हालचाल मला अजून दिसते, आणि शेवटच्या वर्षात पाणी गिळतानाचा त्याचा चेहराही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या माणसांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. पान वाळवण्याची, मुरवण्याची, ओढण्या-खाण्याजोगं करण्याची एकही कृती या पुस्तकात नाही. तशी अपेक्षा ठेवून कोणी ते उघडलं असेल तर त्यानं ते इथेच मिटावं.

पण झाडाचा यात दोष नाही, आणि ते पिकवणाऱ्याचाही कमीच. निपाणी भागात या पिकानं घरं उभी केली, वखारीत राबणाऱ्या बायांच्या छातीत धूळ भरली, आणि रास्त भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर एप्रिल १९८१मध्ये गोळीबारही झाला. इतकं सगळं या पानाभोवती घडलं; फुलाकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. तंबाखूच्या शेतात फूल येऊच देत नाहीत. कळ्या दिसल्या की शेंडा खुडायचा, मग बगलफुटी निघतात, त्याही मोडत राहायच्या, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. बियाला ठेवलेल्या चार झाडांवर तेवढी ती गुलाबी, लांब नळीची फुलं दिसायची. शेतकऱ्याला नको असलेल्या याच फुलानं विसाव्या शतकातला वनस्पतिशास्त्रातला एक फार मोठा शोध लावून दिला.

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ, पोटोमॅक नदीपलीकडे कृषी खात्याचं आर्लिंग्टन इथे प्रायोगिक शेत होतं. आता त्या परिसरात पेंटागॉनची इमारत आहे. तिथे वाइटमन गार्नर आणि हॅरी अलार्ड हे दोघे तंबाखूवर काम करत होते. मेरीलँडच्या शेतांत तंबाखूचं एक अचाट वाण आपोआप निपजलं होतं. 'मेरीलँड मॅमथ' त्याचं नाव. उन्हाळाभर ते नुसतं वाढायचं. दहा-पंधरा फूट उंची, शंभराच्या घरात पानं, आणि फुलाचा पत्ता नाही. बी धरायच्या आत हिम पडून झाड मरायचं. बियाणं मिळवायचं तर ती झाडं हिवाळ्यात काचघरात हलवावी लागत, आणि गंमत म्हणजे तिथे हेच वाण छोट्या उंचीवर मुकाट्यानं फुलायचं. बाहेर कडाक्याची थंडी, आत कुंडीत कमरेएवढं झाड आणि त्यावर फुलं. वसंत लागला की तेच झाड पुन्हा नुसती पानं काढू लागायचं.

दोघांनी एकेक कारण तपासून पाहिलं. उष्णता, ओल, खत, उजेडाचा जोर. कशानंच कोडं सुटेना. त्यांच्यासमोर दुसरं एक कोडंही होतं. 'बिलॉक्सी' नावाचं सोयाबीन महिन्या-महिन्याच्या अंतरानं पेरलं, तरी सगळं फुलायचं जवळपास एकाच सुमारास. आधी पेरलेलं थांबून राहायचं, मागाहून पेरलेलं घाई करायचं. जणू झाडांना तारीख कळत होती. मग उरलं एकच. ऋतूबरोबर दिवसाची लांबी बदलते, ती.

१९१८च्या जुलैमध्ये त्यांनी शेतात उजेड न शिरणारी एक साधी खोपटी उभी केली. सोयाबीनची एक पेटी आणि मॅमथच्या तीन कुंड्या दुपारी ४ वाजता आत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता बाहेर काढायच्या, असा क्रम. भर उन्हाळ्यात त्या झाडांना ७ तासांचा दिवस मिळाला. त्यांना फुलं आली. बाहेरची त्यांची भावंडं पानं काढत उभीच होती. मग उलटा प्रयोग. हिवाळ्यात काचघरात सूर्य मावळल्यावर विजेचे दिवे लावून दिवस लांबवला, तर फुलणारं मॅमथ फुलेनासं झालं. ते दिवे तारेचे, पिवळट, सूर्यापुढे अगदीच मिणमिणते. त्यांच्या उजेडावर झाडाचं पोट भरणं शक्य नव्हतं. तरीही झाडानं त्यांची दखल घेतली. १९२०मध्ये हे काम छापून आलं. दिवसाच्या लांबीला झाड देत असलेल्या या प्रतिसादाला त्यांनी फोटोपीरिऑडिझम म्हटलं. आपल्याकडे त्याला दीप्तिकालिता म्हणतात.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त काय भावतं, तर ती खोपटी. कुंड्या उचलून आत नेणं आणि बाहेर आणणं, रोज, दोन वेळा. यंत्र नाही, मोजमापाचं महागडं साधन नाही. आपल्या तालुक्याच्या कॉलेजातही हे करता येतं. करायला पाहिजे.

मात्र दिवसाची लांबी म्हणताना दोघांचं लक्ष उजेडाकडे होतं. खरं मोजमाप रात्रीचं चाललेलं असतं. त्यांच्या आधी काही वर्षं, पॅरिसमध्ये ज्युलियन तूर्नुआ नावाच्या तरुण संशोधकानं भांगेच्या आणि हॉप्सच्या झाडांवर काम करताना हे ताडलं होतं, की लवकर फुलण्याचं कारण दिवस आखूड होण्यात नसून रात्र लांब होण्यात असावं. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि ते सूत्र तिथेच राहिलं. १९३८मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी शंखेश्वरावर ते पक्कं केलं. होय, आपल्या बांधावर उगवणारा, धोतराला काटेरी बोंडं चिकटवणारा शंखेश्वरच. पुरेशी लांब रात्र एकदा मिळाली तरी तो फुलायच्या मार्गाला लागतो. पण त्या रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला, तर ती रात्र त्याच्या हिशेबात धरलीच जात नाही.

हे मी वाचलेलं होतं, शिकवतही होते, आणि तरीही फसले. मांडणीवर तंबाखूशेजारी शंखेश्वराच्या सहा कुंड्या ठेवल्या, संध्याकाळी सहाला दिवे बंद होतील अशी सोय केली. १४ तासांची रात्र. तीन आठवडे झाले, सहाच्या सहा कुंड्यांत नुसती पानं. बी बदललं, माती बदलली. शेवटी एका रात्री काही विसरलेलं न्यायला मी गेले, तेव्हा रखवालदारकाका कुलूप काढून आत उभे होते. रोज रात्री एकच्या फेरीला ते खोली उघडायचे, ट्यूबलाइट लावायचे, खिडक्या बघायचे आणि पाच मिनिटांनी जायचे. अतिशय चोख माणूस. त्यांना सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या रात्रीपासून त्यांनी खोली बाहेरूनच पाहिली, आणि पुढच्या काही आठवड्यांत शंखेश्वर फुलला. पहिलं फूल मी काकांना दाखवलं. "म्हणजे याला कळत हुतं?" असं ते म्हणाले, आणि मग बराच वेळ वाकून बघत राहिले.

झाडाला हे कळतं ते पानातल्या फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यामुळे. अमेरिकेतच, बेल्ट्सव्हिलला, १९५२मध्ये हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर दाखवलं, की ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल उजेड बी रुजवतो आणि ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल उजेड तो हुकूम मागे घेतो. पुन्हा लाल दाखवा, पुन्हा रुजतं. शेवटी कोणता दाखवला तेवढंच बी लक्षात ठेवतं. माझ्या आजीच्या वाफ्यावर राखेत पडलेलं तंबाखूचं बी याच रंगद्रव्यानं आकाश उघडं आहे की नाही ते पाहत होतं.

हे सगळं बाहेरही दिसतं, बघणारा डोळा हवा. दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत एका गावाच्या वेशीवर मी थांबले. शेत पिवळं पडून पानं झडली होती, शेंगा खुळखुळत होत्या. फक्त चौकातल्या हायमास्ट दिव्याच्या बाजूचा कोपरा हिरवागार, गुडघाभर उंच, आणि त्याला शेंगा नावालाच. शेतकरी म्हणाला, बियाणं खोटं लागलं असेल. मी त्याला संध्याकाळी परत यायला सांगितलं. दिवा लागल्यावर उजेडाची कड जिथे संपत होती, तिथेच हिरवा पट्टाही संपत होता. हेच तत्त्व शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्ये लोक कमाईसाठी वापरतात. रात्री दिवे लावून फूल लांबवायचं, आणि बाजार बघून दिवे बंद करायचे.

म्हणून दिव्याखाली झाड वाढवणाऱ्यानं अंधाराची राखण आधी शिकावी, असं मी या पुस्तकात पानोपानी म्हटलं आहे. आपल्याकडच्या लागवडीतल्या बहुतेक तंबाखूच्या जाती फुलण्यासाठी रात्रीच्या लांबीवर मॅमथसारख्या अडून बसत नाहीत, हे खरं. त्यामुळे फुलण्याच्या प्रयोगांसाठी शेजारी शंखेश्वर किंवा सोयाबीन ठेवायला सांगितलं आहे. पण तंबाखूचं रोप उजेड किती मिळाला हे ज्या मोकळेपणानं अंगावर दाखवतं, तसं दुसरं कुठलं दाखवत नाही. मोठं पान, झपाट्याची वाढ. आठवड्याभरात फरक फूटपट्टीनं मोजता येतो.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे फार फसवतात. महाराष्ट्रात स्वच्छ दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या वर्गात तो ३००-५०० लक्स भरतो, आणि आपल्याला दोन्हीकडे वाचता येतं, म्हणून वर्गातही भरपूर उजेड आहे असं वाटतं. रोपाला तसं वाटत नाही. ते काटकुळं होऊन दिव्याकडे मान ताणतं आणि चौथ्या पानाच्या आत कोलमडतं. झाडाच्या हिशेबानं उजेड मोजायचा तर पानावर पडणारे प्रकाशकण मोजावे लागतात. साध्या एलईडी पट्ट्या रोपाच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर ठेवून सेकंदाला, चौरस मीटरला १५० मायक्रोमोल मिळवले आणि १६ तास दिवे चालवले, तर दिवसाची बेरीज साडेआठ मोलच्या पुढे जाते. निरभ्र दिवशी शेतात ती ४०च्या वर असते. म्हणून खोलीतलं झाड शेतातल्यासारखं होणार नाही. पान पातळ राहील, खोड बारीक राहील. त्यात काही चुकलं असं समजू नये.

दिवे निवडताना जांभळट-गुलाबी दिव्यांच्या मागे लागू नका, हा माझा आग्रह आहे. लाल आणि निळा उजेड पान जास्त वापरतं हे बरोबर, पण त्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं आणि त्यावरची पिवळी नक्षी, मावा, करपा काहीच नजरेला येत नाही. शिकणाऱ्यासाठी पांढरा एलईडीच बरा. दुसरी सूचना टायमरची. चक्रीवाला स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढे चालू लागतो. दोन तासांचं लोडशेडिंग म्हणजे झाडाची रात्र दोन तास पुढे सरकली, आणि असं रोज होत राहिलं तर आठवड्यात घड्याळाचा आणि झाडाचा काही संबंध उरत नाही. आत बॅटरी असलेला टायमर घ्या. थोडा महाग पडतो, पण प्रयोग वाचतो.

तंबाखूचे उपकार मोजत बसले तर पुस्तक संपायचं नाही. १८९२मध्ये द्मित्री इव्हानोव्स्की आणि १८९८मध्ये मार्टिनुस बायरिंक यांनी विषाणूची पहिली चाहूल घेतली ती तंबाखूच्या केवड्यासारख्या डागाळलेल्या पानांत. एबोलाच्या २०१४च्या साथीत मोजक्या रुग्णांना दिलेल्या झेडमॅप औषधातली प्रतिपिंडं केंटकीत तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन चुलत भावंडात, निकोटियाना बेंथामियानात, तयार केली होती. मात्र जळगावच्या केळीवाल्यांना एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात तोशियो मुराशिगे आणि फोल्के स्कूग तंबाखूच्या गराचे तुकडे बाटलीत वाढवत होते. माध्यमात तंबाखूच्या पानांचा अर्क घातला की ते तुकडे भराभर वाढायचे. अर्कात काहीतरी गूढ संजीवक असेल म्हणून शोधत गेले, तर निघाले बहुतांशी साधे क्षार. मग क्षारांचंच प्रमाण नीट बसवून त्यांनी १९६२मध्ये नवं माध्यम दिलं. आज टिश्यू कल्चर केळीचं जे रोप तुमच्या शेतात येतं, ते साधारणपणे त्याच माध्यमावर किंवा त्याच्या थोड्या बदललेल्या रूपावर, दिव्याच्या उजेडात, बाटलीत वाढलेलं असतं.

आता काळजीच्या दोन गोष्टी, आणि त्या सूचना म्हणून नव्हे तर अट म्हणून वाचाव्यात. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात शिरतं. दवात भिजलेल्या शेतात पानं हाताळणाऱ्या बायांना मळमळायचं, चक्कर यायची, उलट्या व्हायच्या, आणि घरची माणसं त्याला दृष्ट लागली म्हणायची. विद्यार्थ्यांनी हातमोज्यांशिवाय पानाला हात लावू नये, पानाचा रस किंवा काढा कोणत्याही कारणासाठी करू नये. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसानं साबणानं हात धुतल्याशिवाय रोपांजवळ जाऊ नये, कारण त्या बोटांवरून पानं डागाळणारा तोच मोझॅकचा विषाणू सगळ्या कुंड्यांत पसरतो. प्रयोग संपला की झाडं मुळासकट उपटून खोल पुरायची. एक पानही कोणाला द्यायचं नाही, मागितलं तरी.

बी पेरण्याआधी एक काम करा. रात्री मांडणीच्या खोलीत जा, सगळे दिवे बंद करा, दार लावा आणि दहा मिनिटं स्वस्थ बसा. टायमरवरचा लाल ठिपका, दाराखालची पट्टी, रस्त्यावरच्या दिव्याची खिडकीतून येणारी तिरीप, सगळं हळूहळू दिसू लागेल. स्वतःच्या हाताची बोटं दिसली, तर फट शोधून काळ्या कागदानं बुजवा. बोटं दिसेनाशी झाली की बी पेरा, आणि वर माती ओढू नका.